सूज उतरली

त्या सोमवारी सकाळी अक्का ओसरीवर बसून तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, छातीवर हात ठेवला आणि भिंतीला टेकली. दाजींनी जीप बोलावली. आम्ही तिला उमरग्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचा झटका म्हणाले आणि ती गेल्याचं सांगितलं.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर उमरग्यापासून अर्ध्या तासावर, शेतातलं घर. मी उमरग्यात शाळेत मराठी शिकवते. एकटी राहते, सुट्टी लागली की अक्काकडं जाते.

तिचं दुखणं सुरू झालं ते हातांपासून. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत. भाकरी थापताना ती मनगटानं पीठ दाबायची. नागपंचमीच्या आधी बांगडीवाली मावशी घरोघर फिरते, तिच्या हे आमच्या आधी लक्षात आलं. अक्काचा हात दोन-चारचा. त्या वर्षी त्याहून मोठी, दोन-आठची बांगडीही बोटांच्या मुळाशी अडकली.

"अक्का, हात हाय का खलबत्ता?" मावशी म्हणाली. "साबण लावू का तेल?"

"माझ्या हाताला काय झालं न्हाय. तुझ्याच बांगड्या आवळल्यात महागाईनं," अक्का म्हणाली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बांगडी शेवटी चढलीच नाही.

मी तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते सोलापूरहून आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी रक्त तपासलं, कागद पाहिला आणि म्हणाले, "सांध्यांत इन्फ्लमेशन आहे. हे जुनाट दुखणं. आठवड्याला एकदा गोळी, आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

बाहेर बाकावर अक्कानं मला विचारलं, "ते काय म्हणाले गं? इन्फ्ले काय?"

"सूज," मी म्हणाले.

मी तेव्हा एक क्षणही थांबले नाही. वर्गात एखाद्या शब्दाचा अर्थ सांगताना मी मुलांना दोन-तीन पर्याय देते, वाक्यात वापरून दाखवते. अक्काला मी दोन अक्षरं दिली आणि रसवंतीकडं घेऊन गेले.

सूज म्हटलं की ती डोळ्यांना दिसते, बोटानं दाबून पाहता येते आणि एक दिवस उतरते. अक्काला जे कळलं ते बरोबरच होतं, माझ्या शब्दातून तेवढंच कळण्यासारखं होतं. पुढच्या नागपंचमीला दोन-चारची बांगडी तिच्या हातात सरकन गेली. मावशीनं कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली. अक्कानं मला फोन केला.

"उतरली गं सूज! आता ती गोळी कशाला? तोंडाची चव जाती, केस गळत्यात."

मी वह्या तपासत होते. "उतरली ना? मग बघ तुझं तू," मी म्हणाले.

त्यानंतरची तीन वर्षं तिनं ती गोळी घेतली नाही. दुखलं की दुकानातून दुखणं मारायची गोळी आणायची. विहिरीकडचा चढ चढताना ती मध्येच थांबायला लागली. थांबली की लिंबाच्या झाडाकडं बघत उभी राहायची, जणू झाडच बघायला थांबलीय. दाजी म्हणायचे, "चला मालकीणबाई, लिंब पळून जात न्हाय." ती त्यांच्याकडं हात उडवायची, बोलायची मात्र नाही. बोलायला दम नव्हता, हे मला आता कळतं.

शेवटच्या रविवारी तिचा डावा खांदा दुखत होता. जबड्यापर्यंत कळ जातेय, म्हणाली.

"वात हाय गं. एका जागी बसतोय व्हय तो? हातातून निघाला, खांद्यात बसला."

मी तेल कोमट केलं आणि तिचा खांदा चोळला. कोपरापर्यंत, हळूहळू, बराच वेळ. तिला बरं वाटलं. "मास्तरीणबाई, हात चांगला हाय तुमचा," असं म्हणून तिनं माझ्या गालाला हात लावला. ज्या हाताखाली ते हृदयाचं दुखणं चाललं होतं तो हात माझा होता, आणि त्याला काही कळलं नाही.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला. बांगड्या दोन-चारच्या. एकही अडकली नाही. तिची जाऊ रडता रडता म्हणाली, "सूज पार उतरली होती की गं बाईची." चुड्यातल्या सहा बांगड्या उरल्या. जावेनं त्या माझ्या हातात दिल्या.

पावसाळा संपता संपता एका सकाळी माझ्या हातातून खडू गळाला. उचलायला गेले तर चिमूट जुळेना. मुलांना वाचायला सांगून मी खुर्चीत बसले आणि टेबलाखाली हात लपवला.

मी त्याच डॉक्टरांकडं गेले. रक्ताच्या कागदावर तेच निघालं. मी त्यांना विचारलं, "याला तुम्ही मराठीत काय म्हणता?"

"सूजच म्हणतो," ते म्हणाले. "का?"

मी त्यांना अक्काचं सगळं सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि ते म्हणाले,

"गोळी बंद केली म्हणूनच असं झालं, असं मी म्हणणार नाही. हृदयाला इतर कारणंही असतात. पण ही सूज नुसती सांध्यात राहत नाही. रक्तातून सगळीकडं फिरते. वर्षानुवर्षं राहिली की हृदयाच्या नळ्याही खराब करू शकते. हात बरा दिसला तरी आत ती असू शकते. म्हणून तर रक्त तपासायचं."

त्यातलं माझ्या समाधानासाठी किती आणि खरं किती, मला ठरवता आलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आता शाळेचा जिना चढताना मी पायऱ्या मोजते. दम लागला तर किती पायऱ्यांवर लागला, ते लक्षात ठेवते. खांदा दुखला की वर्गातच मनगटावर बोट ठेवते. मुलांना वाटतं, बाई घड्याळ बघतात. कधी ठोका सापडत नाही, मग दुसऱ्या मनगटावर शोधते. परवा शेजारच्या वहिनी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरा दिसतोय की आता." मी हात काढून घेतला. त्यांना राग आला असावा.

गोळी मी रविवारी घेते. दर तीन महिन्यांनी रक्त देते. अक्काच्या चुड्यातल्या सहा बांगड्या माझ्या कपाटात, पुस्तकांच्या मागं आहेत. त्या दोन-चारच्या आहेत. माझा हातही दोन-चारचाच. मी त्या घालून बघत नाही.