पुणं-बंगळूर, विमानानं दीड तास

नोकरीत फायली साचतात, निवृत्तीनंतर किस्से. फायली निदान अधूनमधून कुणीतरी निकाली काढतं. कळंबच्या स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही तिघे निवृत्त कारकून सकाळी बसतो: मी, काझीसाहेब आणि नाना. आमचे निम्मे किस्से नानांच्या महेशपासून सुरू होतात. महेश बंगळूरला नोकरीला. दर फोनवर सांगतो, "बाबा, पुणं-बंगळूर विमानानं दीड तास. मनात आलं की निघालो."

मनात यायचंच काय ते राहिलंय. माई, म्हणजे नानांच्या मंडळी, दर दिवाळीला त्याची खोली झाडून ठेवतात.

*

नाना मोजणी खात्यातले. एकदा नकाशा आणि पट्टी घेऊनच आले. पुण्यापासून बंगळूरपर्यंत सरळ रेघ ओढली.

"बघा, विमान असं जातं. मधी घाट न्हाई, ओढा न्हाई, टोलनाका न्हाई."

काझीसाहेबांनी चष्मा सावरून रेघ निरखली. "मधी कळंब पण नाही, नाना."

*

गेल्या दिवाळीत महेशनं 'नक्की येतो' म्हणून कळवलं. नाना चौकशीच्या खिडकीवर.

"पुण्याला विमान उतरल्यावर कळंबची गाडी कोणती सापडंल?"

"विमान कवा उतरतंय?"

"ते पोरगं कळवणार हाय."

"मग आमची गाडी बी तवाच सुटंल, आजोबा."

नाना पुण्याची शेवटची गाडी येईपर्यंत स्टँडात बसले. महेशची मीटिंग निघाली होती.

*

महेश लातूरला शिकायला होता तेव्हा माईंचा डबा रोज एसटीच्या ड्रायव्हरकडं जायचा. ड्रायव्हर स्टँडात उतरून "महेश कोण रे?" म्हणून हाक मारायचा. गेल्या आठवड्यात माईंनी खव्याच्या पोळ्या केल्या. नानांनी हळूच विचारलं, "विमानाच्या ड्रायव्हरकडं डबा देता येतो का हो?"

आम्ही हसलो नाही. आता हसायचाही कंटाळा येतो.

"घेईलही एखादा," काझीसाहेब म्हणाले, "पण खाली उतरून हाक कोण मारणार?"

*

दुसऱ्या दिवशी नाना बाकावर नव्हते. तिसऱ्या दिवशीही नव्हते. आले ते कंबर धरूनच. एसटीनं सोलापूर, तिथून रात्रभर बसून बंगळूर, आणि परत तसेच. जाताना मांडीवर डबा.

"महेश काय म्हणाला?" मी विचारलं.

"उभ्या-उभ्याच दोन पोळ्या खाल्ल्या. मग म्हणला, बाबा, या वयात एवढा त्रास कशाला? जाताना विमानाचं तिकीट काढतो. दीड तासात पुणं."

"मग?"

नानांनी चहा बशीत ओतला, फुंकला.

"म्हणलं, नको रं. विमानानं लई लांब पडतं."