एका वेलांटीची सहल

तुम्ही चहा घ्या, तोवर मी माझी फजिती सांगतो. हसायला हरकत नाही, फक्त घोट गिळून मग हसा.

भोकरदनला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथंच गेल्या आणि मराठी शुद्धलेखनाचा मला भलताच गर्व. 'हार्दीक' लिहून आणणाऱ्या पुढाऱ्यांना मी काउंटरवर उभं करून ऱ्हस्व-दीर्घ शिकवलंय. मिठालाल शेठच्या फ्लेक्सवर चूक नसते, असं लोक म्हणायचे. म्हणजे मीच म्हणायचो, लोक ऐकायचे.

सकाळी फिरणारा आमचा आठ जणांचा ग्रुप. त्यात जोशी सर, मराठीचे निवृत्त मास्तर. एकदा चालता चालता म्हणाले, "शेठ, तीस वर्षं मुलांना चक्रवाक शिकवला. रात्री जोडीची ताटातूट होते, दोघं दोन काठांवर रडतात, सगळं सांगितलं. पण मी स्वतः तो पक्षी कधी पाहिला नाही. आता तर मोतीबिंदू पिकत आलाय."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "सर, हिवाळ्यात केदारखेड्याच्या तलावावर उतरतात ते. येत्या रविवारी दाखवले न्हाई तर माझं नाव बदला."

झालं, मी सहलप्रमुख. बेत जंगी ठरला. सकाळी पक्षी, दुपारी हुरडा, संध्याकाळी गावातलं भारूड. जीपच्या तोंडावर लावायला मी घरचा फ्लेक्स केला. सर म्हणाले, "एकदा नजर टाकू का?" मी म्हटलं, "माझ्या फ्लेक्सला तपासनीस लागत न्हाई." आणि फ्लेक्सचा फोटो केदारखेड्याच्या हॉटेलवाल्या भाऊरावला पाठवला. खाली लिहिलं, 'आठ माणसांचा चहा अन् हुरडा बघा.'

रविवारी उजाडता उजाडता गावात शिरलो तर काय, हलगी! फेटे बांधलेली दोनशे माणसं, ओवाळायला बाया, माझ्या गळ्यात हार. मी मागं वळून ग्रुपला म्हटलं, "बघा. याला म्हणतात ग्रामसंस्कृती. एका फोटोवर."

झेडपीची निवडणूक तोंडावर आली होती, हे मला माहीत होतं. माझ्याच दुकानात तर सगळे फ्लेक्स. पण डोक्यात प्रकाश पडायला डोकं ताळ्यावर लागतं ना?

दत्तराव नावाचे एक पुढारी माझ्या कानाशी आले. "साहेब, कोण्या पक्षाचे?"

मला ऐकू आलं 'पक्ष्याचे'. म्हटलं, "सगळ्याच. आम्ही भेदभाव करत न्हाई."

ते चक्रावले. "यादी आणली का?"

"आणली ना. शंभरावर नावं आहेत."

"येवढ्याशा गटासाठी शंभर?"

"त्यातली चार-दोन दिसली तरी नशीब समजा."

दत्तरावांनी घाम पुसला. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. माईक दिल्यावर मी कशाला सोडतो? म्हटलं, "मंडळी, आम्ही खास बाहेरून आलेल्यांना बघायला आलो. हिवाळ्यात येतात, जिथं खायला भेटतं तिथं उतरतात, अन् उन्हाळा लागला की भुर्रकन उडून जातात."

दत्तराव दिवाळीतच दुसऱ्या पक्षातून आले होते. त्यांचा चेहरा पडला, विरोधी गटानं टाळ्या पिटल्या आणि हलगी दुप्पट जोरात सुरू झाली. वाजतगाजत आम्ही तलावाच्या बांधावर पोचलो. पाण्यावर एक पाखरू शिल्लक नव्हतं.

सर दगडावर बसले आणि दुर्बीण पिशवीत ठेवू लागले. "असू द्या शेठ. तुम्ही मनापासून केलंत."

ते ऐकून माझा जीव एवढासा झाला. मी भाऊराववर तापलो. "हलगी कोणी सांगितली होती?"

"घ्या. पक्षाचे निरीक्षक तिकीट ठरवायला येऊन राह्यले, अन् वाजवायचं न्हाई?"

सर उठले. जीपपाशी गेले, फ्लेक्सला नाक लावलं आणि एकेक अक्षर वाचलं. 'पक्षनिरीक्षक मंडळ, भोकरदन.' मग शांतपणे विचारलं, "शेठ, वेलांटी कुठंय?"

आमच्याकडं तिकीट नाही हे कळल्यावर पाच मिनिटांत बांध रिकामा. हलगी गेली, फेटे गेले. एकानं तर माझ्या गळ्यातला हार काढून नेला. म्हणाला, "संध्याकाळी दुसरे येतील, मंग कामाला येईल."

राहिलो आम्ही आठ आणि भाऊराव. चिडीचूप. अर्धा तास असाच गेला. मी तर सरांकडं बघतही नव्हतो.

आणि वरून आवाज आला, आंग, आंग. चक्रवाकांची केशरी जोडी तलावावर गोल फिरली आणि अगदी आमच्यासमोर पाण्यात उतरली. मोतीबिंदूमुळं सरांना नेम धरता येईना, म्हणून दुर्बीण मी धरली. बराच वेळ बघून म्हणाले, "अहो, हे तर मजेत आहेत. मी उगाच तीस वर्षं मुलांना रडवलं." स्वतःचे डोळे मात्र पुसत होते.

मग दोनशे माणसांचा हुरडा आम्ही नऊ जणांनी खाल्ला. असा विजय कुणाला मिळालाय सांगा.

पुढच्या रविवारी ग्रुपनं माझा सत्कार ठेवला. फ्लेक्स मुद्दाम जालन्याहून छापून आणला होता. मोठ्या अक्षरात, 'पक्षिनिरीक्षक सहलीचे शिल्पकार श्री. मठालाल शेठ.'

मी म्हटलं, "सर, 'पक्षि' बराबर आहे, पण माझी वेलांटी राहिली."

सर म्हणाले, "राहिली नाही. पक्ष्याला एक कमी पडत होती, ती तुमच्याकडून वसूल केली."

चक्रवाक दाखवला, तरी नाव बदललंच. आता गिऱ्हाईकसुद्धा दारातून "मठाशेठ" अशी हाक मारतं, अन् मी ओ देतो.