एका हाताची बंदूक

धानगिरणीच्या पट्ट्यात बाबांचा डावा हात कोपरापासून गेला, त्या साली मी मॅट्रिकला होते. जखम भरली, पण बाबांचं एका जागी बसणं संपलं ते संपलंच. खाटेवर टेकले की लगेच उठायचे. गोठ्यात डोकावायचे, बांधावर चक्कर मारायचे, तलावाच्या पाळीवर चढून उगाच चारी बाजूंना बघायचे. माय म्हणायची, "बसा ना जी घडीभर. मलेच थकल्यासारखं होते तुमाले पाहून."

आमचं घर आसगावच्या वस्तीपासून सुटं होतं. एका अंगाला तलावाची पाळ, दुसऱ्या अंगाला आमच्याच धानाच्या बांध्या, बांध घातलेली खाचरं. धान निसवून लोंब्या बाहेर आल्या की रानडुकरं यायची. हात जाण्याआधी बाबा मोठ्या काकांची ठासणीची बंदूक आणायचे आणि हवेत बार काढून डुकरं पळवायचे. ती बंदूक भरायला एका हाताने नळी धरावी लागते आणि दुसऱ्याने गज ठासावा लागतो. हात गेल्यावर एकदा त्यांनी ती गुडघ्यांत दाबून भरली आणि नळी अर्ध्या हातावर टेकवून उचलली. नळी घसरली आणि टोकाशी चिखलात रुतली. त्यांनी ती पुसली आणि काकांच्या घरी नेऊन ठेवली.

कार्तिकात एका पहाटे आमचा बैल हंबरला. नुकतं उजाडत होतं. आम्ही तिघं धावत बाहेर आलो तर दोन माणसं गोठ्यातून बैल सोडत होती. बाबा ओरडले. एक जण दावं टाकून पळाला. दुसरा पळाला नाही. त्याने बाबांकडे पाहिलं, त्यांच्या लोंबत्या बाहीकडे पाहिलं आणि हसला. मग सावकाश कुंपण ओलांडून निघून गेला. बैल वाचला होता. माय देवाचं नाव घेत होती. बाबा मात्र तो गेला त्या दिशेला बघत उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, कागद काढ. अर्ज लिवाचा हाये. मले रिव्हॉल्व्हर पायजे."

"रिव्हॉल्व्हर? ते तर पोलिसांपाशी रायते."

"एका हातानं चालते ना? मंग? घरीबी कामी येईन अन् वावरातबी. दोन बंदुका ठेवाची आपली ऐपत नाई. एकच, पन सगळ्या कामाची."

मी अर्ज लिहिला. भंडाऱ्याच्या कचेरीतल्या कारकुनाने तो वाचून परत केला. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "शेतीच्या रक्षणासाठी लांब नळीची मिळते. लहान नळीची मागायची तर कारण लिहा. तेही ठसठशीत."

बाहेर कडुलिंबाखाली बसून मी दुसरा अर्ज लिहिला. "अर्जदारास एकच हात असल्यामुळे" असं लिहून वाचून दाखवलं, तर बाबा तडकले.

"हे लिवाचं कायले? दिसत नाई का त्यायले?"

"कागदाला दिसत नाही बाबा."

ते उठून फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "वाच अजून एकदा." मी वाचलं. मग त्यांनी सही केली. सही उजव्या हाताचीच होती, तरी त्या दिवशी ती वाकडी आली.

त्यानंतर चौकशा सुरू झाल्या. पोलीस ठाण्यातला जमादार येऊन घर बघून गेला. कुणाशी भांडण आहे का, दारू पितात का, असं शेजाऱ्यांना विचारून गेला. पुढे महिनेच्या महिने काही नाही. बाबा दर सोमवारी एसटीने भंडाऱ्याला जात आणि रिकामे परत येत. त्याच सुमारास पवनीकडचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलाच्या मामाने पोहे खाता खाता विचारलं, "पोलीस काहून येत होते म्हने तुमच्या घरी?" बाबांनी खरं ते सांगितलं. स्थळाचा निरोप आलाच नाही. माय बाबांवर चिडली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. मलाही तेव्हा घरात करमत नव्हतं. लग्न नको होतं आणि घरही नको होतं. काय हवं होतं ते सांगता आलं नसतं. बाबा बांधावरून फिरायचे, तेव्हा बऱ्याचदा मीही त्यांच्या मागे निघायचे.

दुसऱ्या वर्षी कचेरीतल्या परवाने देणाऱ्या साहेबांनी आम्हाला समोर बोलावलं. साहेब तरुण होते. त्यांनी आधीच बजावलं की डुक्कर मारायला निराळी परवानगी लागते, ही फक्त हाकलण्यापुरती. मग विचारलं, "समजा चोर आला. हातात रिव्हॉल्व्हर आहे. झाडाल?"

मला वाटलं, बाबा आता "झाडीन" म्हणतील आणि सगळं बिघडेल.

"तवाच समजन साहेब," ते म्हणाले. "आताच झाडतो म्हनलं तं खोटं, नाई म्हनलं तं तेबी खोटं."

साहेबांनी फाईल बंद केली. पावसाळा संपता संपता परवाना आला.

दुकान भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या गल्लीमागे होतं. ठोकण्याचा आवाज सारखा आत येत होता. मालक म्हातारा, जाड चष्म्याचा. त्याने बाबांच्या बाहीकडे एकदा पाहिलं आणि पुढे तो विषय काढला नाही. आधी एक चपटं पिस्तूल पुढे ठेवलं. दिसायला देखणं होतं. पण गोळी नळीत आणायला त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागे. बाबांनी ते गुडघ्यांत दाबलं, काखेत धरलं. शेवटी दातांकडे नेऊ लागले, तेव्हा मालकाने हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं. "हे नाही जमायचं. सोडा."

मग एक नव्यासारखं रिव्हॉल्व्हर दाखवलं. त्याची किंमत ऐकून बाबांनी त्याला हातच लावला नाही. तिसरं जुनं, विलायती होतं. काळा रंग उडालेला, मुठीला तडा गेलेला आणि त्यावर सुतळी गुंडाळलेली. मालकाने ते रिकामं असल्याचं दाखवून बाबांच्या हाती दिलं. "हे मधून मोडतं. अंगठ्याने कळ दाबा आणि नळी मांडीवर रेटा."

बाबांनी रेटलं. खट् आवाज झाला आणि ते मधोमध उघडलं. त्यांनी ते काखेत धरून मालकाने दिलेल्या खोट्या गोळ्या एकेक करून चक्राच्या घरांत बसवल्या, झटक्याने बंद केलं, पुन्हा उघडलं. दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडावर तसं हसू पाहिलं नव्हतं.

"हेच," ते म्हणाले.

मालक म्हणाला, "घरासाठी घेत असाल तर माझी ना नाही. पण शेतासाठी म्हणाल तर मी खोटं बोलणार नाही. वीस पावलांवर याने झाडसुद्धा चुकतं. याचा आवाजही लहान. डुक्कर चिडलं तर चिडेल, पळणार नाही. शेताला एकनळी बाराबोर घ्या. यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल."

"ते मले नाई जमत."

मालकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यांना जमेल की."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी वाढवलेली खोंडांची जोडी त्यांनी आठच दिवसांपूर्वी विकली होती. ते पैसे काढून त्यांनी मालकापुढे ठेवले.

रिव्हॉल्व्हर घरात आलं की बाबा निवांत बसतील अशी माझी समजूत होती, तसं काही झालं नाही. बाबांची घालमेल वाढली. ते पेटीत कुलपात असे, आणि किल्ली जागेवर आहे ना, हे दिवसातून दहादा बघणं सुरू झालं. बाहेर गेले तर घराची काळजी, बरोबर नेलं तर पडेल म्हणून काळजी. कुणी पाहुणा आला की त्याला आधी पेटीपासून दूर बसवायचे.

मग धान निसवलं. एका दुपारी, ऊन अजून तापलेलं असताना, तलावाकडच्या बांधीत धान हलताना दिसलं. बाबा पेटी उघडून निघाले. मी हातात विळा आणि रॉकेलचा रिकामा पिपा घेऊन मागे गेले. डुकरीण होती, सोबत पाच-सहा पिल्लं. बाबांनी हात वर करून पहिला बार हवेत काढला. आवाज फटाक्याइतका झाला. तिने मान वर केली, एवढंच. दुसऱ्या वेळी नुसताच खट्. गोळी जुनी असेल. तिसरा बार त्यांनी तिच्या पुढ्यातल्या चिखलात मारला आणि ती पिल्लं सोडून सरळ त्यांच्यावर आली.

बाबा मागे सरकले, बांधाला अडखळले आणि उताणे पाण्यात पडले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. विळ्याने पिपा बडवत मी बांधावरून खाली उडी मारली. डुकरीण माझ्यापासून दोन हातांवरून वळली आणि पिल्लांसकट बेशरमाच्या झुडपात घुसली. ती दिसेनाशी झाली, तरी मी पिपा बडवतच होते.

"पुरे कर बाई," बाबा म्हणाले. "गेली थे."

ते चिखलात बसले होते. हात मात्र उंच धरलेला, रिव्हॉल्व्हर भिजू नये म्हणून. मी ते घेतलं. त्यांना उठवलं. पाठ, मान, सगळं चिखलाने माखलेलं.

"दुकानवाला खरं बोल्ला होता," ते म्हणाले. थोडं चालल्यावर थांबले. "मले तवाबी ठाऊक होतं. डुकरासाठी नोतं घेतलं मी हे. तो हासला ना गोठ्यापाशी, तवापासून मले झोप नाई. वाटे, हे हाती असतं तं नसता हासला."

"आता झोप येते का?"

"आता तं अजूनच नाई येत."

घरी मायला त्यांनी पाय घसरला म्हणून सांगितलं.

त्यानंतरचा अर्ज मी माझ्या नावाने लिहिला. तोच कारकून होता. "बाईच्या नावाने?" त्याने विचारलं. बाबा टेबलापाशी वाकून म्हणाले, "वावर हे पोरगीच राखते जी." ते बाहेरच्या माणसासमोर त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. मला परवाना मिळायला वर्षही लागलं नाही. एकनळी बाराबोर आली. पहिल्या बाराने माझा खांदा निळा पडला. माय त्यावर हळद लावताना रडली. बाबा मात्र मला बांधावर उभं करून शिकवत राहिले. दस्ता खांद्याला घट्ट लाव, श्वास धर, नळी माणसाकडं कवाच नाई. त्या बंदुकीच्या आवाजाने तलावावरची सगळी पाखरं उठायची आणि डुकरं पार पलीकडच्या रानात जायची. मी तिने एकही जनावर मारलं नाही.

पुढे माझं लग्न नाकाडोंगरीला झालं. नवरा खाणीत कामाला होता आणि घराला जंगल लागून होतं. बोलणी चालू असताना बाबांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "पोरीपाशी बंदूक हाये, परवाना हाये, अन् तिले चालवता येते. पटत असन तं पुढं बोलू." सासऱ्यांनी विचार करून विचारलं, "आमच्या मक्याले अस्वल येते, त्यायचं जमन का?"

बाबांनी रिव्हॉल्व्हर आणखी काही वर्षं ठेवलं. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा करावं लागे. त्या दिवसांत ते किल्ली तपासायचे नाहीत, असं माय सांगायची. बहुधा तेच त्यांच्याही लक्षात आलं असावं. एका निवडणुकीनंतर त्यांनी ते ठाण्यातून सोडवलं, घरी न आणता तसंच भंडाऱ्याला नेलं आणि त्या म्हाताऱ्या मालकाला परत विकलं. मालकाने विचारलं म्हणे, "काय झालं? कामी नाही आलं?"

"आलं ना," बाबा म्हणाले. "पोरीची बंदूक आली याच्यापायी."

हे मला त्यांनी नाकाडोंगरीला येऊन स्वतः सांगितलं. त्या भेटीतही ते दोन दिवसांच्या वर राहिले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर पिशवी खांद्याला लावून ते एसटीच्या रस्त्याला लागलेही होते.