मंगलाबाई अ‍ॅडजस्ट करत नाहीत

आपल्याला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. ‘अ‍ॅडजस्ट करा’ सगळ्यांना येतं. सिन्नरच्या जीपमध्ये तिघींच्या सीटवर पाचवी बाई कोंबताना ड्रायव्हर म्हणतो, “मावशी, जरा अ‍ॅडजस्ट करा.” दवाखान्यातली सिस्टर आयाला म्हणते, “आजची नाइट तेवढी अ‍ॅडजस्ट कर.” आमच्या शेजारच्या आक्काबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण सून घरात आली त्याच दिवशी त्यांनीही सांगून टाकलं, “बाईच्या जातीनं अडजस करून घ्यावं, माय.” इतकी वर्षं मी शाळेत शिकवलं, पण हे क्रियापद कुणी स्वतःला लावून घेतलेलं ऐकलं नाही. अ‍ॅडजस्ट नेहमी समोरच्यानं करायचं असतं, आणि समोर बहुतेक वेळा बाईच असते.

ती सून म्हणजे मंगलाबाई पगारे. माहेर सिन्नरकडचं, सासर नाशिकरोडला आमच्या कॉलनीत. दवाखान्यात आया. दीड खोलीच्या घरात नवरा जयराम, सासू, तीन मुलं आणि सदानकदा चालू असलेला टीव्ही. मंगलाबाईंनी सगळं अ‍ॅडजस्ट केलं. इतकं की एखाद्या दिवशी त्या जेवल्या नाहीत तरी घरात कुणाला पत्ता लागत नसे. मला त्यांचा राग यायचा, खरं सांगते.

कॉलनीतल्या बायकांनी बुद्धविहाराच्या मागे एक खोली बांधून घेतली होती. विटा आम्ही स्वतः वाहिल्या. दोन ट्यूबलाइट, एक पंखा, लांबलचक टेबल. घरात पुस्तक उघडायला जागा नसलेली मुलं तिथे अभ्यासाला बसायची. पण एप्रिल आला की गंमत व्हायची. कॉलेजचे पेपर एप्रिलमध्ये, शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आणि बाबासाहेबांची जयंतीही एप्रिलमध्ये. स्पीकर, चित्ररथाचा सांगाडा, मंडपाचे पडदे ठेवायला कुलपाची खोली तेवढी एकच. त्यामुळे दरवर्षी पोरं बाहेर आणि स्पीकर आत. ज्यांनी ‘शिका’ म्हणून सांगितलं, त्यांच्याच जयंतीसाठी आम्ही अभ्यासिकेला टाळं ठोकायचो आणि वर कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. २००० साली मोहिनी नावाची चुणचुणीत पोर त्यापायी दोन विषयांत नापास झाली. तिच्या बापानं दिवाळीच्या आत तिला उजवून टाकलं.

२००१ साली मंगलाबाईंची चैताली बी. कॉमच्या शेवटच्या वर्षाला होती. जयरामनं चांदवडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पास झाली तर पुढचं बघू, नापास झाली तर मे महिन्यात बार उडवून द्यायचा.

मार्च सरता सरता एका संध्याकाळी विहारापुढे टेम्पो थांबला. मागच्या खोलीत चैताली आणि आणखी पोरी वाचत होत्या. जयंती मंडळाचा अध्यक्ष राकेश, म्हणजे मंगलाबाईंचा सख्खा पुतण्या, कार्यकर्त्यांना घेऊन आला. पाहतो तर मंगलाबाई उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या.

“काकू, उठा. सामान ठेवायचंय.”

“पोरी वाचत्यात.”

“पंधरा दिवस अ‍ॅडजस्ट करा ना. जयंती काय रोज येते का?”

“मग बी. कॉमची परीक्षा काय दर शुक्कुरवारी येती?”

कार्यकर्ते हसले. राकेशचा पारा चढला. “काकू, बाबासाहेबांसाठी एवढंही करणार नाही तुम्ही?”

मंगलाबाई ताडकन उभ्या राहिल्या. “त्यांच्यासाठीच बसले हाय हितं! ते अठरा-अठरा तास वाचायचे म्हणून भाषणं ठोकता, आन् वाचायच्या खोलीत स्पीकर कोंबता? लाज नाय वाटत?”

तेवढ्यात जयराम धावत आला. “मंगल, घरी चल. चारचौघांत तमाशा नको.”

“तमाशा नाय, पहारा हाय. तुम्ही जा, भात टाकलाय, बघा जरा.”

“मग एवढं सामान ठेवू कुठं?” राकेश ओरडला.

“तुझ्या घरी. दोन खोल्या हायेत तुमच्या.”

“घरी? आम्ही झोपायचं कुठं?”

मंगलाबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. ‘मग आम्ही जायचं कुठं?’ हाच प्रश्न दरवर्षी अभ्यासाच्या पोरांवर आपण आणत होतो, हे राकेशच्या डोक्यात शिरलं की नाही, कोण जाणे. मी माझी खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी टाकली. मग कॉलनीतल्या कुसाबाई आल्या. मग बऱ्याच जणी आल्या. टेम्पो वळला. त्या वर्षी स्पीकर राकेशच्या घरात मुक्कामाला होते आणि त्याची आई पुढचे पंधरा दिवस त्याला उभा-आडवा झोडत होती.

मंडळानं मंगलाबाईंना जयंतीचं बोलावणं केलं नाही. बाई कसल्या ऐकतात! पांढरी साडी नेसून त्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे लेझीम खेळल्या. जयंती कुणाच्या बापाची नव्हती, ती त्यांचीही होती. नाचून घामाघूम झाल्या आणि तशाच येऊन पुन्हा त्या खोलीच्या दारात बसल्या, कारण चैतालीचा पेपर दोन दिवसांवर होता.

चैताली पास झाली. निकालाच्या संध्याकाळी मी पेढे खायला गेले, तर जयराम खुशीत होता. “आता कसं, पोरगी शिकली, आपला शब्द राहिला. चांदवडवाल्यांना होकार कळवतो. घर मोठं आहे, माणसं जरा तापट आहेत, पण सांभाळून घेईल आपली चैताली.”

मंगलाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलावंच लागलं नाही. “नाही,” चैताली म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही, कारण दिलं नाही. जो शब्द ओठावर यायला आईचं अर्धं आयुष्य गेलं होतं, तो पोरीनं पेढा चघळता चघळता म्हटला आणि दुसरा पेढा उचलला.