भिवाची आई ओढ्यापाशी भेटली

मी कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. असले अनुभव कुणी सांगायला लागलं की चहाच्या निमित्ताने उठून जाणारा मी माणूस... पण हा माझाच आहे, आणि भर दिवसाचा.

आमचं गाव आंदर मावळात. एकोणीस वर्षांचा असताना माझ्या बिडीने एका घरची पेंढ्याची गंजी पेटली. भिवा, माझा जिवलग दोस्त, विझवायला धावला आणि नेमका तोच तिथे सापडला. त्याच्या वडिलांनी त्याला अख्ख्या गावासमोर मारलं. मी गर्दीत उभा होतो — गप्प. आठवड्याभरात नोकरी धरून घोरावाडीला आलो आणि बावीस वर्षं गावाकडे फिरकलो नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी मात्र राहवलं नाही, निघालो. एसटी सोडून पुढे तासाभराची चाल. सकाळचे अकरा वाजलेले, भातं कापून झालेली. ओढ्यापाशी चपलेचा अंगठा तुटला. वाकून बघतोय, तर समोर भिवाची आई. डोक्यावर गवताचा भारा.

"सलीम, आलास व्हय?"

"आलो, मावशी."

"गंजीचं सांगाया आलास ना? सांग त्याला. लय वाट बघितली त्यानं. अन् चप्पल ठेव हितंच, अनवाणी चल."

चपला काढून बाजूला ठेवेपर्यंत ती वळणाआड गेलेली.

भिवा अंगणात भात वाळवत होता. मला बघून जागीच थांबला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"मला तवाच ठाव व्हतं," तो म्हणाला. "तू कवा सांगतोस तेच बघत व्हतो. बावीस वर्सं लावलीस, गाढवा!" आणि त्याने मला घट्ट मिठी मारली.

डोळे पुसत मी म्हणालो, "मावशीलाबी ठाव हाय की. आत्ताच भेटली, ओढ्यापाशी."

"आई?" भिवा माझ्याकडे बघतच राहिला. "आई आत हाय. खुबा मोडलाय तिचा. दोन वर्सं अंथरुणातनं उठली न्हाई."

आत गेलो. खाटेवर तीच होती, पाय पार वाळलेले. मला बघून तिने पहिला प्रश्न केला, "काटा न्हाई ना मोडला कुटं?"

चपलेचं मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी भिवाच्या बायकोने नव्या तांदळाचा भात वाढला. इतकं पोटभर मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो. आता दर महिन्याला जातो, दोन दिवस राहतो. भिवाने गावात विचारून पाहिलं, त्या सकाळी त्या वाटेला गवताला कुणीच गेलं नव्हतं. मग मला कोण भेटलं... खरंच सांगता येत नाही. एकदा धीर करून मावशीलाच विचारलं, "तू तितं कशी आलतीस गं?"

ती हसली. "मी कुटं गेले? तूच आलास."