ऐंशीवर थांबणारी बॅटरी

फोन आला तेव्हा मी सौंसरच्या बसस्टँडवर पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत होते. हेमंतकडेच निघाले होते. "ताई, आता घाई नोका करू..." एवढंच त्याची बायको सुनंदा बोलू शकली. माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजाराशी भांडत भांडत त्या सकाळी गेला. त्याला आता महिना होऊन गेला. रडून झालं, आज मला त्याच्याबद्दल मिरवायचं आहे.

हेमंत पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेला वेळ लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रणालीच्या नादात घालवायचा. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉप कायम चार्जिंगला लावलेला. शाळेतल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या या सततच्या चार्जिंगनंच फुगल्या. चार्जिंग मध्येच थांबवायची सोय त्या यंत्रात होती, पण कंपनीनं ती फक्त विंडोजसाठी दिलेली, आणि शाळेत लिनक्स. मग हेमंतनं ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि लिनक्स यांच्यातला दुभाषा, स्वतःच लिहायला घेतला. कंपनीची मदत शून्य. काय सांगितलं की बॅटरी ऐकते, हे त्यानं चाचपडत शोधलं. पहिल्यांदा चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "बिघडवला न शेवटी!"

त्याला मात्र तो ड्रायव्हर जगभरच्या लिनक्समध्ये जायला हवा होता. "नाही तं माह्यासंगंच जाईल न थो," नागपूरहून डायलिसिस करून परतताना तो मला म्हणाला होता. लिनक्स सांभाळणाऱ्या देशोदेशीच्या मंडळींना त्यानं तो पाठवला, आणि मेलवरून चुकांचा मारा सुरू झाला. मला वाईट वाटायचं. तो हसायचा, आणि पांढुर्ण्याच्या गोटमार जत्रेचा दाखला द्यायचा, जिथे नदीतला झेंडा काढायला जाणाऱ्यावर काठांवरून दगडांचा मारा होतो. "अवं ताई, आपण गोटमारवाले. नदीतल्या झेंड्याजवळ गेलं का गोटे जास्तच येतेत."

एका बाबतीत मात्र तो अडून बसला. ऐंशीचा आकडा त्यानं ड्रायव्हरमध्येच पक्का करून टाकला होता. ती मंडळी म्हणत, मर्यादा वापरणाऱ्यालाच ठरवू द्या. "लोकायले काय समजते? सारे शंभरच करतीन," हा याचा हेका. मास्तरच तो! मग एकदा दिवसभर लाइट जाणार असल्याचं कळलं. अंगणवाडीच्या कामासाठी त्याचाच लॅपटॉप घेऊन निघालेली सुनंदा कडाडली, "आज तरी पूर्ण भरू द्या न! वीस टक्के कोणासाठी राखून ठेवून राहिले तुम्ही?"  लाइट आल्यावर त्याच रात्री त्यानं आकडा ठरवायची मोकळीक वापरणाऱ्याला दिली, आणि मेलमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं की तुमचं बरोबर होतं, घरातूनही तसाच आदेश आला आहे.

ड्रायव्हर स्वीकारल्याचं कळलं तेव्हा तो दवाखान्यात होता. सुई लावलेला हात उचलून त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला म्हणून नर्स रागावली. "रागावू द्या तिले," तो म्हणाला. त्याचा असा चेहरा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात आमच्या सौंसरच्या शाळेत, जिथे मी शिकवते, नवे लॅपटॉप आले. कंपनी तीच, आत लिनक्स आधीच घातलेलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम सेटिंग चाळत होत्या.

"बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंग कितीवर थांबवू, असं विचारून राहिला हा. हे कुठून आलं जी, मॅडम?"

मी म्हटलं, "पांढुर्ण्याहून."