लाल रेघ

लातुरात क्लासच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. बोलताना ते कुणाकडे बघत नाहीत, भिंतीकडे तोंड करूनच काम करतात. काय उद्धट माणूस आहे, असं मी घरी म्हणायचे.

त्या दिवशी त्यांनी आमच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा नट बदलला. जुन्याचे आटे झिजले होते. नवा आधी बोटांनी फिरवला, मग पान्यानं आवळत आणला. लेकीची परीक्षा होती, ती शेजारी उभी राहून सारखी घड्याळ बघत होती. तेवढ्यात रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, जमीन थरथरली आणि चाचांचा हात थांबला. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि आवळलेला नट पुन्हा सैल केला.

"चाचा, उशीर होतोय हो!" मी म्हणाले.

"हात हालला, ताई. पुन्हा आवळतो. ढिला राहिला तर चाक जातंय, लई आवळला तर आटे जातेत."

शेवटी त्यांनी नटावरून चाक धरणाऱ्या फोर्कपर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. "रेघ जुळंना झाली की नट सरकला समजा. गाडी तिथंच उभी करा."

निघताना मी पहिल्यांदाच ती भिंत नीट पाहिली. भूकंपात पडलेल्या तड्यावरून आडवी तशीच लाल रेघ ओढलेली होती. तड्याच्या दोन्ही बाजूंची तिची टोकं जुळत नव्हती.